बदला, पण बदलल्याची नोंद ठेवा : झेल्डा मालिकेच्या कर्त्यांना खुले पत्र

सांगली, २१ फेब्रुवारी २०२६

मालिकेचे निर्माते आदरणीय आओनुमासान, दिग्दर्शक आदरणीय फुजिबायाशीसान, आणि निन्टेंडोमध्ये झेल्डा मालिकेच्या संदर्भग्रंथांचे व संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या सर्वांना,

सविनय नमस्कार.

जपानात 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा या मालिकेतला पहिला व्हिडिओ गेम आला, त्याला आज बरोबर ४० वर्षे झाली. हायरूल नावाच्या एका राज्याची गोष्ट तुम्ही ४० वर्षे सांगत आहात. त्या गोष्टीतले आधी काय घडले आणि नंतर काय, हा प्रश्न घेऊन जगभरची माणसे तितकीच वर्षे बसली आहेत. मी त्यांच्यातली एक. कोणाची प्रतिनिधी म्हणून मी लिहीत नाही. पण गेल्या काही वर्षांत या कालक्रमाशी तुम्ही ज्या रीतीने वागलात, ती मला गप्प राहून मान्य करता येत नाही, आणि ते तुम्हाला खासगीत सांगण्यापेक्षा चारचौघांत सांगावे असे वाटले.

आधी माझा संबंध काय ते सांगते.

मी मोडी वाचते. घराण्यांची जुनी दप्तरे, वतनाचे कागद, देवस्थानांचे हिशेब घेऊन लोक येतात आणि मी ते बाळबोधीत उतरवून देते. अक्षर लागले की निम्मे काम झाले, निम्मे उरते. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी बहुधा 'छ' आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र एवढेच असते. साल नसते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? आज अडीचशे वर्षांनी आम्ही आतल्या खुणांवरून साल काढत बसतो. पत्रात कोण हयात आहे, कोणता किल्ला कोणाच्या ताब्यात आहे, त्या चंद्राला पाऊस असायला हवा की ऊन. एक खूण चुकली तर पत्र दहा वर्षे इकडे-तिकडे जाते, आणि त्याच्या आधारावर पुढे कोणी लिहिलेले सगळे वाकडे होते.

ही सवय मला मोडीने लागली असे लोकांना वाटते. ती त्याआधी, शाळेत असताना, तुमच्या खेळाने लागली.

२००३ च्या उन्हाळ्यात मामा अमेरिकेहून आला तो माझ्यासाठी आणि दादासाठी मिळून एक गेम बॉय अॅडव्हान्स आणि एक कार्ट्रिज घेऊन. त्यात 'अ लिंक टू द पास्ट' होता आणि जोडीला 'फोर स्वॉर्ड्स'. दुसरा खेळ एकट्याने खेळता येत नसे आणि आमच्याकडे यंत्र एकच, म्हणून तो आम्ही नुसता पुस्तिकेत वाचला. त्यातही लिंक होता, झेल्डा होती, पण नेहमीचा खलनायक गॅनन नव्हता, वाती नावाचा कोणी दुसराच होता. मी दादाला विचारले, हा लिंक तोच का रे? हे आधीचे की नंतरचे? दादा म्हणाला, "तूच शोध." मी दोनशेपानी वही काढली, पहिल्या पानावर दोन चौकटी आखल्या आणि मध्ये एक बाण काढला. बाणाचे टोक कुठल्या बाजूला काढायचे ते कळेना, म्हणून ते तसेच ठेवले.

आता चौथी वही चालू आहे. या वह्यांचा एक नियम आम्ही दोघांनी पहिल्या महिन्यातच ठरवला होता: खेळ स्वतः जे सांगतो ते पेनाने, आपण जे ताडतो ते पेन्सिलीने. दादा हल्ली नागपूरला असतो. दर रविवारी फोन होतो, आणि घरचे विषय संपले की वहीचा विषय निघतो. आमच्यात २३ वर्षे जे बोलणे टिकले त्यात या वह्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून तुम्ही कालपटावरची एखादी चौकट हलवता तेव्हा ती माझ्या घरात हलते.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत अशा वाचकांसाठी मधले थोडे सांगायला हवे.

झेल्डाच्या जवळजवळ प्रत्येक खेळात लिंक नावाचा मुलगा आणि झेल्डा नावाची राजकन्या असते, पण ती दरवेळी तीच माणसे नसतात. १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट' मधली जोडी ही पहिल्या खेळातल्या जोडीचे पूर्वज, असे तुम्हीच सांगितले होते. खरा गुंता १९९८ च्या 'ओकारिना ऑफ टाइम' ने झाला. त्यात लहानगा लिंक मास्टर स्वॉर्ड ही जादूची तलवार उपसतो, सात वर्षे झोपतो, मोठा होऊन गॅननला हरवतो, आणि झेल्डा त्याला परत बालपणात पाठवते. म्हणजे हायरूल दोन झाली. एक, जिथे विजय मिळाला पण वीर निघून गेला. दुसरी, जिथे मुलगा परत आला आणि अनर्थ घडण्याआधीच सगळ्यांना सावध करता आले. २००२ चा 'विंड वेकर' पहिल्या फाट्यावर उभा आहे: गॅनन परत येतो, वीर येत नाही, आणि देव सारे राज्य समुद्राखाली घालतात. २००६ चा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' दुसऱ्या फाट्यावर: तिथे गॅननडॉर्फला, म्हणजे गॅननच्याच मानवी रूपाला, पकडून देहदंड द्यायला उभे करतात.

हे दोन फाटे खेळणाऱ्यांनी खुणा जुळवून मांडले आणि तुमच्या बोलण्यातूनही त्याला दुजोरा मिळाला. अडले ते एकाच ठिकाणी. 'अ लिंक टू द पास्ट' च्या पूर्वकथेत एक बंदिवासाचे युद्ध येते. सरदार लढून मरतात, सात ऋषी गॅननला कोंडून टाकतात, आणि त्याला हरवणारा वीर तिथे नसतोच. ही कथा दोन्ही फाट्यांवर बसेना. डिसेंबर २०११ मध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हा ग्रंथ जपानात आला आणि तुम्ही तिसरा फाटा दाखवलात: 'ओकारिना' च्या शेवटच्या लढाईत वीर हरला, असा. दादाचा रात्री साडेअकराला फोन आला होता. तो भांडायच्याच सुरात होता. हरणे हाही इतिहास धरायचा तर मग प्रत्येक खेळाच्या शेवटी असा एक फाटा फुटायला हवा, एकट्या 'ओकारिना' लाच का? मला आजही त्याचे म्हणणे बिनतोड वाटते. तरी त्या रात्री आम्ही नवी वही काढली आणि तिसरा फाटा पेनाने काढला. तुम्ही सांगितले म्हणून काढला. कर्त्याने तोंडाने सांगितलेली गोष्ट न पटली तरी तिची नोंद पेनानेच करायची असते.

त्या ग्रंथाबद्दल मी तुमची ऋणी आहे, हे मनापासून सांगते. २५ वर्षे लोकांनी अंधारात चाचपडून जे शोधले, ते तुम्ही उजेडात आणले आणि त्यातले बरेच बरोबर निघाले. त्याच ग्रंथात तुम्ही हेही मान्य केले होते की सांगणारे बदलतात तसा हायरूलचा इतिहासही बदलेल. त्याला माझी हरकत नव्हती आणि आजही नाही. माझ्या तक्रारी त्या बदलांच्या रीतीबद्दल आहेत.

पहिली तक्रार. तुम्ही न सांगता बदलता.

'हायरूल हिस्टोरिया' त 'अ लिंक टू द पास्ट', मग 'ऑरॅकल' चे दोन खेळ, मग 'लिंक्स अवेकनिंग' असा क्रम होता, आणि या सर्वांत लिंक एकच. मालिकेच्या नंतरच्या विश्वकोशात आणि संकेतस्थळावर 'लिंक्स अवेकनिंग' आधी सरकला आणि 'ऑरॅकल' त्याच्या मागे गेले, दुसऱ्या एका लिंकच्या नावावर. या बदलाला चांगला आधार आहे. 'ऑरॅकल' मध्ये झेल्डा लिंकशी पहिल्यांदाच भेटल्यासारखी बोलते. ज्याने तिला आधीच एकदा सोडवले त्याच्याशी ती तशी बोलणार नाही. उलट बाजूलाही आधार आहे. 'ऑरॅकल' च्या शेवटी लिंक होडीतून निघतो आणि 'लिंक्स अवेकनिंग' ची सुरुवातच वादळात सापडलेल्या होडीने होते. या दोन खुणांवर लोक वर्षानुवर्षे वाद घालत होते, आणि फार चांगला वाद घालत होते. तुम्ही निकाल दिलात पण कारण दिले नाहीत. निकाल बदलला आहे एवढे वाक्यही कुठे छापले नाहीत. जुना ग्रंथ एका घरात, नवा दुसऱ्या घरात, आणि दोन्हींवर तुमचीच मोहोर. ते वाचून दोन मुले भांडतात आणि दोघांकडे पुरावा असतो.

आमच्याकडे जुन्या पत्रांच्या संग्रहातले एखादे पत्र चुकीच्या साली लावले गेले असेल तर पुढचा संपादक तळटीप देतो: अमक्याने हे पत्र अमक्या साली धरले, ते अमक्या कारणाने बरोबर नाही. तळटिपेच्या दोन ओळी असतात. पण त्या दोन ओळींमुळे आधीच्या माणसाची मेहनत वाया जात नाही आणि नंतरच्या माणसाची दिशाभूल होत नाही.

दुसरी तक्रार 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' यांची आहे, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते हिच्याबद्दल.

३ मार्च २०१७ ला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला तेव्हा आम्ही तिसरी वही संपवत आणली होती. त्या खेळात खुणांची लयलूट होती. रीटो आणि कोरोक या जमाती आहेत, म्हणजे 'विंड वेकर' चा फाटा. कारण समुद्राच्या काळात झोरांचे रीटो झाले आणि कोकिरींचे कोरोक. पण झोराही आहेत, त्याच काळात, रीटोंच्या शेजारी. साध्या सैंधव मिठाच्या वर्णनात प्राचीन समुद्राचा उल्लेख आहे. आणि मास्टर स्वॉर्डच्या विधीत झेल्डा जे बोलते त्यात आकाश येते, काळ येतो आणि सांजवेळेची धगही येते; ही शेवटची खूण समुद्राच्या फाट्यावर असूच शकत नाही. ठिकाणांची नावे तर तिन्ही फाट्यांवरून आलेली. यातून दोन मोठे तर्क निघाले. एकाचे म्हणणे, तिन्ही फाटे इतक्या दूरच्या काळात पुन्हा एकत्र येतात. दुसऱ्याचे म्हणणे, काळ इतका लोटला की खरा इतिहास आणि दंतकथा एकाच पोत्यात भरल्या गेल्या. आम्ही दोन्ही लिहिले. पेन्सिलीने. खेळातच दहा हजार वर्षांपूर्वीच्या घटना येतात, तेव्हा घाई कशाला, असे वाटले.

२०१८ मध्ये तुमच्या संकेतस्थळावरच्या कालपटात हा खेळ सगळ्यांच्या शेवटी आला. कोणत्या फाट्याच्या शेवटी, ते नाही. ठीक, थांबलो.

१२ मे २०२३ ला 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला. त्यात झेल्डा भूतकाळात फेकली जाते आणि हायरूलची स्थापना करणाऱ्या राऊरू राजाला आणि सोनिया राणीला भेटते. तिथे एक गॅननडॉर्फ आहे, त्याच्याशी युद्ध होते, राऊरू स्वतःचा जीव घालून त्याला जमिनीखाली रोखून धरतो आणि वर किल्ला उभा राहतो. या युद्धाला तुम्ही नाव दिलेत बंदिवासाचे युद्ध. तेच नाव. मला वाटले भाषांतराची चूक असेल; तशी ती नव्हती, जपानीतही दोन्ही युद्धांना एकच शब्द आहे. ज्या एका युद्धाची जागा लावण्यासाठी तुम्ही २०११ मध्ये अख्खा तिसरा फाटा काढलात, त्याच नावाचे दुसरे युद्ध तुम्ही २०२३ मध्ये आणून ठेवलेत आणि दोहोंचा संबंध काय हे सांगितले नाहीत.

ही स्थापना 'ओकारिना' च्या आधीची धरावी तर किल्ल्याखाली एक गॅननडॉर्फ कोंडलेला असतानाच वर दुसरा जन्मतो. धरायला हरकत नाही, पण मग राऊरूच्या दरबारात वाऱ्याचा ऋषी रीटो आहे त्याचे काय? तेव्हा तर समुद्रच आलेला नव्हता. शिवाय झेल्डा ड्रॅगनचे रूप घेऊन युगानुयुगे आकाशात फिरते. तर मग मधल्या इतक्या खेळांत वर पाहणाऱ्या कोणालाच ती दिसली नाही? उलट, जुने हायरूल पूर्ण नष्ट झाले आणि फार पुढच्या काळात राऊरूने त्याच नावाने नवे राज्य उभे केले, असे धरले तर रीटोही बसतो, ड्रॅगनही बसतो, दोन गॅननडॉर्फही बसतात. याला लोक पुनर्स्थापनेची थिअरी म्हणतात. दादा कट्टर पुनर्स्थापनावाला आहे. मीही झुकले आहे, पण माझे एक अडते: जे राज्य नव्याने उभे राहिले त्याला आपल्या आधी याच नावाचे राज्य होते याची एवढीही आठवण कशी नाही? माणसे राजे विसरतात, राजधानी विसरत नाहीत. आमच्या भागात ज्या गढीचा दगडही शिल्लक नाही तिची पांढरीची माती लोक बोट दाखवून सांगतात.

२०२३ च्या अखेरीस एका जपानी नियतकालिकाशी बोलताना फुजिबायाशीसान, तुम्ही म्हणालात की केवळ शक्यता म्हणून पाहिले तर या स्थापनेच्या आधीही एक विनाशाचा इतिहास असू शकेल. ते वाचून मला झालेला आनंद मी लपवत नाही. पण 'केवळ शक्यता' हे शब्द पेनाने लिहायचे की पेन्सिलीने? पुढे २०२४ मध्ये सिडनीतल्या तुमच्या कार्यक्रमात जो कालपट लावला होता, त्यावर हे दोन खेळ तिन्ही फाट्यांपासून वेगळे, बाजूला मांडलेले दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या 'एकोज ऑफ विस्डम' ला मात्र तुम्ही वीर हरलेल्या फाट्यावर नेमकी जागा दिलीत. म्हणजे जागा देणे तुम्ही सोडलेले नाही. मग ज्या दोन खेळांनी ही मालिका कोट्यवधी नव्या लोकांपर्यंत नेली, तेच दोन खेळ दाराबाहेर का?

आणि शेइका या प्राचीन जमातीची यंत्रे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये डोंगराएवढी चार दैवी जनावरे, शंभरावर देवळे आणि रानोमाळ पडलेले यांत्रिक रखवालदार होते. पुढच्या खेळात, अवघ्या काही वर्षांनी, ते सगळे जवळजवळ नाहीसे. विचारल्यावर उत्तर आले की संकट टळल्यावर ती नाहीशी झाली आणि का ते कोणालाच माहीत नाही. ज्या लोकांच्या डोळ्यांदेखत हे घडले त्यांच्यातला एकही जण त्याबद्दल आश्चर्याने बोलत नाही, याचे मला वाईट वाटले. एक म्हातारी जरी म्हणाली असती की सकाळी उठून पाहते तो डोंगरावरचे जनावर गेलेले, तरी पुरले असते.

तिसरी तक्रार 'एज ऑफ कॅलॅमिटी' ची. हा खेळ 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' च्या शंभर वर्षे आधीचा, महासंकटाची हकीकत सांगणारा, अशा शब्दांत २०२० मध्ये आमच्यापुढे ठेवला गेला. त्या हकीकतीचा शेवट आम्हाला माहीत होता: चारही वीर मरतात, लिंक पडतो, झेल्डा एकटी उभी राहते. तो शेवट पाहायची मनाची तयारी करून आम्ही बसलो होतो. प्रत्यक्षात एक छोटा रखवालदार काळातून मागे येतो, सगळे बदलते आणि सगळे वाचतात. वेगळा फाटा म्हणून ही गोष्ट गोड आहे. पण आधी सांगितले असते तर आम्ही ती तशी पाहिली असती. इतिहास म्हणून दाखवलेला कागद उघडल्यावर नाटक निघाला की, नाटक कितीही चांगले असले तरी, वाचणाऱ्याला फसल्यासारखे वाटते. गेल्या नोव्हेंबरात आलेल्या 'एज ऑफ इंप्रिझनमेंट' बद्दल मात्र हा अधिकृत कथेचा भाग आहे असे तुम्ही आधीच सांगितलेत. ही सुधारणा मी पाहिली आहे आणि तिच्यासाठी आभार मानते.

चौथी तक्रार थोडक्यात. खेळातले वाक्य, कर्त्याने मुलाखतीत सहज काढलेला उद्गार, ग्रंथाच्या संपादकाने भरलेली जागा आणि कार्यक्रमातला फलक, या चारही गोष्टी आमच्यापर्यंत एकाच वजनाने पोचतात. १९९८ मध्ये मालिकेचे जनक मियामोतोसान यांनी सांगितलेल्या क्रमात 'अ लिंक टू द पास्ट' पहिल्या दोन खेळांच्या नंतर होता. २००४ च्या सुमारास, आओनुमासान, तुम्ही 'फोर स्वॉर्ड्स' ही सर्वांत जुनी कथा म्हणाला होता. २०११ मध्ये तो मान 'स्कायवर्ड स्वॉर्ड' ला मिळाला. प्रत्येक विधान त्या-त्या वेळी प्रामाणिक होते याबद्दल मला शंका नाही. पण कोणते आजही लागू आहे आणि कोणते रद्द, हे ओळखायची सोय कुठेच नाही.

पाचवी. साक्षीदारच सापडत नाहीत. मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या तुमच्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद झाली, आणि 'ट्वायलाइट प्रिन्सेस' सारखा एका फाट्याचा मुख्य आधार नव्या मुलाला सरळ मार्गाने विकत घेता येईना. मूळ कागद पाहायला न मिळता त्यावर वाद घालायचा म्हणजे ऐकीव माहितीवर वाद घालायचा.

याला तुमच्याकडून येणारे उत्तर मी ऐकले आहे. आधी खेळण्यातली नवी कल्पना सुचते, कथा मागून येते. आणि लोकांच्या कल्पनेला वाव राहावा म्हणून काही जागा मोकळ्या ठेवतो. यातले पहिले मला पूर्ण मान्य आहे. कालक्रमाच्या दोरीने तुमचे हात बांधावेत असे मी कधीच म्हणणार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आमच्या मुलखातली एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे इतिहास दोन प्रकारच्या कागदांत येतो. बखर आणि शकावली. बखरीत रस असतो, संवाद असतात, स्वप्नात देवी येते, आणि साल बऱ्याचदा चुकते. शकावली कोरडी: शके, महिना, तिथी, घडले काय, संपले. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल बखरींच्या आधाराने १६२७ धरले जाई. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याची शकावली छापली, आणि तिच्यातल्या शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया या एका ओळीने १६३० पुढे आले. त्यावर पुढे कितीतरी दशके वाद झाला. पण त्या ओळीने कोणाची कल्पना मारली नाही. पोवाडे थांबले नाहीत, नाटके थांबली नाहीत, बखरी आजही वाचल्या जातात. उलट वाद घालणाऱ्यांना पाय टेकायला जमीन मिळाली.

बखर तुम्ही अप्रतिम लिहिता. मी मागते आहे ती शकावली.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कालक्रमाच्या आजवरच्या सर्व अधिकृत मांडण्या, २०११ ची, विश्वकोशातली, २०१८ ची, २०२४ ची, एका ठिकाणी तारखेसह ठेवा, आणि एकीतून दुसरीत काय बदलले ते प्रत्येक बदलापुढे एका ओळीत लिहा. कारण देता आले तर द्या. कारण नसेल तर 'विचार बदलला' एवढे लिहिले तरी चालेल.

खेळाने सांगितलेले, कर्त्यांनी सांगितलेले आणि संपादकांनी ताडलेले, यांना वेगवेगळी खूण द्या. आमच्या वहीत पेन आणि पेन्सिल आहे. तुम्हाला याहून चांगले काही सुचेल.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' यांबद्दल तीनपैकी एक वाक्य सांगा: जागा ठरलेली आहे पण आत्ता सांगणार नाही, किंवा जागा ठरलेली नाही, किंवा जागा ठरवायचीच नाही. तिन्हींपैकी कोणतेही उत्तर मी स्वीकारीन. शेवटचे आले तर दुःख होईल, पण ते पेनाने लिहीन. 'बंदिवासाचे युद्ध' हे नाव दोन घटनांना दिलेले आहे की एकाच घटनेला, एवढे मात्र स्वतंत्रपणे सांगा, कारण त्या एका शब्दावर तीस-पस्तीस वर्षांचे काम टांगलेले आहे.

मालिकेशी जोडलेला कोणताही खेळ मुख्य इतिहासात धरायचा की नाही, हे तो विक्रीला येण्याआधी सांगा. गेल्या वेळी केलेत, तसेच पुढेही करा.

आणि कालक्रमाचा जो खेळ आधार आहे, तो आजच्या यंत्रावर कुठल्या ना कुठल्या रूपात मिळत राहील असे पाहा.

यासाठी नवा ग्रंथ नको, खर्चिक सोहळा नको. एक पान पुरेल. ते पान जपानीत असले तरी आम्ही वाचून घेऊ. न येणारी लिपी वाचणे हे माझे पोटापाण्याचेच काम आहे.

पहिल्या वहीतला तो बिनटोकाचा बाण अजून तसाच आहे. 'फोर स्वॉर्ड्स' आधीचा, हे २०११ मध्ये तुमच्या ग्रंथात छापून आल्यावर दादा म्हणाला होता, आता काढ टोक. मी काढले नाही, कारण तेव्हा ते पान जसे होते तसेच राहावे असे वाटले; खाली फक्त तारीख घालून लिहिले, 'डिसेंबर २०११, कर्त्यांनी सांगितले.' चौथ्या वहीत २०१७ पासूनची १४ पाने पेन्सिलीने लिहिलेली आहेत आणि त्यांतली सुरुवातीची आता पुसट व्हायला लागली आहेत. त्यांचे काय करायचे ते कळवावे.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा, हे विनंती.

आपली,
एक मोडीवाचक